रान वाफशाला येईना

एका हेक्टरवर ६५ मिलिमीटर पाऊस पडला, तर साडेसहा लाख लिटर पाणी होतं. हिशेब शाळकरी पोरालाही जमेल असा आहे, पण लातूरच्या माणसापुढे तो मांडला की तो क्षणभर गप्प होतो. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली, तेव्हा तिच्या दहा टाक्यांत मिळून पाच लाख लिटरच पाणी होतं. ६५ हा आकडाही मनाने घेतलेला नाही. महसूल मंडळात चोवीस तासांत तेवढा पाऊस झाला की सरकारी कागदावर अतिवृष्टी होते. म्हणजे अतिवृष्टीच्या दिवशी अडीच एकरांच्या एका तुकड्यावर त्या गाडीपेक्षा जास्त पाणी पडतं. त्याच २०१६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात लातूर जिल्ह्याने अतिवृष्टी पाहिली आणि एप्रिलात कोरडं पडलेलं मांजरा धरण भरलं.

पाण्यावाचून तडफडणं आणि पाण्यात कुजणं, दोन्ही इथे एकाच जमिनीत घडतं, कधी एकाच वर्षात. पहिल्यासाठी आपल्याकडे योजना आहेत, खाती आहेत, घोषवाक्यं आहेत. दुसऱ्यासाठी पंचनामा आहे.

इथे पुराबद्दल फारसं लिहायचं नाही. १७-१८ ऑगस्ट २०२५ च्या रात्री मुखेड तालुक्यात लेंडी नदीच्या काठावर हसनाळ, रावणगाव या गावांत पाणी शिरलं. लष्कराला बोलवावं लागलं. ते सगळ्यांनी पाहिलं. पूर दिसतो, त्याचे फोटो निघतात, मंत्री येतात. ज्या रानात नदी आली नाही, ओढा फुटला नाही, माती वाहून गेली नाही, फक्त पडलेलं पाणी आठ-दहा दिवस तिथेच बसून राहिलं, त्या रानाबद्दल हा लेख आहे. अशी रानं पुराच्या रानांपेक्षा कितीतरी जास्त. औशाहून निलंग्याकडे किंवा नायगावहून देगलूरकडे सप्टेंबरात एसटीने जाताना खिडकीतून पाहा. रस्त्याकडेचं सोयाबीन वरच्या अंगाला हिरवं आणि खालच्या अंगाला पिवळं दिसेल. खत तेच, बियाणं तेच, बहुधा मालकही तोच. खालच्या अंगाला पाणी थांबलेलं असतं, फरक एवढाच.

*

लातूर बालाघाटाच्या पठारावर, नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात. खडक बहुतेक ठिकाणी एकच, दख्खनचा बेसाल्ट. (देगलूर-बिलोलीच्या बाजूला बेसाल्ट संपतो, ग्रॅनाइट लागतो आणि रानाची जातही बदलते. या लेखातलं सगळं तिथे जसंच्या तसं लागू करू नये.) बेसाल्ट झिजून जी माती झाली, तिच्यात स्मेक्टाइट गटातली चिकणमाती भरपूर असते. भारी रानात ती निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त. या चिकणमातीच्या थरांमध्ये पाणी शिरतं आणि ती फुगते, पाणी गेलं की आकसते. उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा त्यामुळेच. वैशाखात काळ्या रानात काठी घातली तर हातभर सहज खाली जाते.

मृगाचा पहिला पाऊस या भेगांतून धडाधड खाली उतरतो. त्या दिवशी रान किती पाणी पितं ते पाहून माणसाला वाटतं, या जमिनीला कितीही पाणी द्या. पण माती फुगत जाते, भेगा मिटतात, आणि मग वरून खाली जायला वाटच उरत नाही. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था १९७२ पासून आहे. बीदर-जहीराबादच्या वाटेने हैदराबादला जाणाऱ्या उदगीरकरांना तिचं कुंपण ओळखीचं असेल. तिथल्या काळ्या जमिनीत शास्त्रज्ञांनी पाणी मुरण्याचा वेग मोजला. पहिल्या अर्ध्या तासात ताशी ७६ मिलिमीटर. दोन तासांच्या आत तो चारपर्यंत खाली आला. सहा दिवस जमीन भिजत राहिल्यावर ताशी ०.२ मिलिमीटर. म्हणजे दिवसाला जेमतेम पाच.

हा आकडा हातात ठेवून पुन्हा अतिवृष्टीकडे वळू. आधीच भिजून फुगलेल्या सपाट रानात ६५ मिलिमीटर पाणी बसलं आणि ते बाजूने निघून गेलं नाही, तर केवळ खाली मुरून संपायला तेरा दिवस लागतील. ऊन पडलं तर वाफ होऊन थोडं आधी. भाद्रपदात तेरा दिवस ऊन कोण देतो? प्रत्येक रानाची माती पाटणचेरूसारखी नाही, माळाच्या हलक्या मुरमाड रानात तर हा प्रश्न जवळजवळ नाहीच. पण ओढ्याकाठच्या, ज्याला घराघरांत ‘सोन्याचा तुकडा’ म्हणतात त्या खोल काळ्या रानाचं गणित असंच आहे. वाटणीत ज्याला ते मिळालं त्याचा भाऊ अजून बोलत नसेल, पण जुलै-ऑगस्टात माळवाल्या भावाचं पीक उभं असतं आणि काळीवाल्याचं बसतं.

अशा रानात खड्डा घेतला तर हात-दीड हात खाली मातीची ढेकळं तिरप्या पृष्ठांवर चकाकताना दिसतात. फुगण्या-आकसण्याच्या ताणाने मातीचे थर एकमेकांवर घासून ती चकाकी आलेली असते. लाल किंवा पिवळसर जमिनीत निचरा बिघडला की करडे-तांबूस ठिपके पडतात आणि पाहणाऱ्याला लगेच कळतं. काळ्या रंगात ते ठिपके बुडून जातात. म्हणून इथे रंगावर विसंबू नये. लव्हाळा कुठे दाट आहे, सकाळी दोन फुटी खड्ड्यात भरलेलं पाणी संध्याकाळी किती उतरलं, पाऊस उघडल्यावर कोणत्या कोपऱ्यात औत सर्वांत शेवटी जातं, हे पाहावं. शेवटची गोष्ट तर सालगड्यालाही माहीत असते. माती परीक्षणाच्या छापील पत्रिकेत सामू, क्षारता, नत्र-स्फुरद-पालाश सगळं असतं, पण पाणी किती वेगाने उतरतं याचा रकाना नसतो.

*

पूर्वीच्या लोकांनी या रानाशी वेगळा करार केला होता. भारी काळी म्हणजे रब्बीचं रान. पावसाळाभर तिला मोकळी ठेवायची, मध्ये उघडीप मिळाली की वखराची पाळी घालून तण मारायचं, पाणी पोटात साठू द्यायचं, आणि पाऊस ओसरून वाफसा आला, म्हणजे रान पेरण्याजोगं झालं, की ज्वारी, करडई, हरभरा पेरायचा. खरिपाला हलकी-मध्यम रानं: उडीद, मूग, तूर, हायब्रीड येण्याआधीची खरिपाची ज्वारी. काळ्या रानात पावसाळ्यात पाय घालता येत नाही आणि तिफण चालत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

लातूर-धाराशिवकडची येळवस याच करारावर उभी आहे. मार्गशीर्षातल्या अमावास्येला घरदार शेतात जातं, कडब्याची कोप करून पांडव पुजले जातात, भज्जी, आंबील, उंडे आणि खिरीवर पाहुणेरावळे जेवतात. त्या दिवशी शहरातले रस्ते ओस पडतात. हा सण पोटरीतल्या ज्वारीचा, डोलणाऱ्या हरभऱ्याचा, म्हणजे रब्बीच्या रानाचा आहे. पावसाळ्यात ज्या रानात पाय घालता येत नव्हता, त्याच रानात बसून जेवण्याचा दिवस. निचरा न होणाऱ्या जमिनीची सगळी वर्षाची वहिवाट त्या सणात आहे, असं म्हटलं तर फार ताणल्यासारखं होऊ नये.

मग सोयाबीन आलं. १९९४ मध्ये जबलपूरच्या विद्यापीठाचा जेएस-३३५ हा वाण आला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मराठवाड्याचं खरीप पालटलं. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे एमएयूएस-७१, १६२, ६१२ हे वाण त्यात भर घालत गेले. लातूरची बाजार समिती सोयाबीनच्या भावासाठी राज्यभर ऐकली जाऊ लागली, तेलाच्या गिरण्या आल्या. सोयाबीनला दोष देणाऱ्यांपैकी मी नाही. शंभर-एकशेदहा दिवसांत नगदी पैसे, मागे हरभऱ्याला रान मोकळं, मजूर कमी. दोन पिकांचा पैसा दिसल्यावर पावसाळाभर रान रिकामं ठेवा असं कोणाच्या तोंडाने सांगणार? पण एक गोष्ट घडली ती नोंदवली पाहिजे. जी जमीन जून ते सप्टेंबर रिकामी ठेवायची रीत होती, तिच्यातच नेमक्या त्या चार महिन्यांत पीक उभं राहिलं. आणि ते काढणीला येतं उत्तरा-हस्ताच्या सुमारास, जेव्हा परतीचा पाऊस या भागाला हमखास गाठतो. पीक बदललं तरी रानाची निचऱ्याची सोय तीच राहिली.

अवजारंही बदलली. देवणी आणि लाल कंधारी या इथल्याच दोन नामवंत बैलांच्या जाती, पण दावणीची जोडी आता कमीच दिसते. ट्रॅक्टर आला त्याचं दुःख नाही. ओल्या रानात ट्रॅक्टर घालणं आणि दरवर्षी रोटाव्हेटर मारणं हे मात्र महागात पडतं. वरची चार-पाच इंच माती भुसभुशीत दिसते आणि तिच्याखाली दाबून बसलेला थर तयार होतो. पेरणीच्या दिवशी रान देखणं. पहिल्या झडीत पाणी त्या थरावर अडतं.

*

पाणी साचलेल्या रानात पीक का मरतं, याची फोड सोपी आहे. मुळांना श्वास लागतो. मातीच्या कणांमधली हवा पाण्याने हुसकली की उरलासुरला प्राणवायू मुळं आणि सूक्ष्मजीव दिवस-दोन दिवसांत संपवतात. वरून नवा येत नाही, कारण प्राणवायू हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या दहा हजाराव्या हिश्शाने पाण्यात पसरतो. मुळांचं काम बंद पडतं आणि झाड पाण्यात उभं राहून सुकतं. सोयाबीनच्या मुळांवरच्या नत्राच्या गाठी काम थांबवतात. मातीतला नत्र वायू होऊन उडून जातो.

त्यात मराठवाड्याची माती चुनखडीची. अशा मातीत ओल कोंडली की बायकार्बोनेट वाढतं आणि मुळांना लोह उचलता येत नाही. कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या. हे दिसलं की शेतकरी पान खिशात घालून कृषी सेवा केंद्रात जातो आणि येताना दोन बाटल्या व एक पुडी घेऊन येतो. लोहाची फवारणी काही प्रमाणात उपयोगी पडते, विद्यापीठही ती सांगतं. पण पाणी रानातच ठेवून फवारणी करणं म्हणजे दुकानदाराच्या मुलाची फी भरणं. पिवळेपणाची कारणं आणखीही आहेत, मोझॅक हा विषाणूजन्य रोग त्यातला मोठा. दोन्हींत गल्लत झाली की खर्च दुप्पट होतो.

तूर याबाबतीत फार हळवी. पाणी थांबलेल्या खोलगट पट्ट्यात ती आधी बुरशीला बळी पडते आणि ओळीच्या ओळी उभ्या वाळतात. कपाशीचं दुखणं वेगळंच. मोठ्या उघडिपीनंतर जोराचा पाऊस आला की बोंडांनी लगडलेलं झाड एक-दोन दिवसांत मान टाकतं. याला आकस्मिक मर म्हणतात. ना कीड, ना बुरशी, मुळं गुदमरलेली असतात. परभणीचं विद्यापीठ आधी साचलेलं पाणी काढायला आणि लगेच युरिया, पालाश व कॉपर ऑक्सिक्लोराइडच्या द्रावणाची बुडाशी आळवणी करायला सांगतं. झाड सुकू लागल्यावर ही धावपळ जितकी लवकर तितकी उपयोगाची, आठवडा गेला की नाही. नांदेडला कापसाचं जुनं संशोधन केंद्र आहे, तिथला ‘नांदेड ४४’ हा संकरित वाण १९८० च्या दशकात महाराष्ट्रभर गाजला. त्याआधी या भागात गावरानी कापूस होता. त्याची मुळं खोल जात आणि हे रान त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं.

हळदीच्या पट्ट्यात मात्र वेगळं चित्र दिसतं. अर्धापूर, मुदखेड आणि पलीकडे हिंगोलीतली वसमत. इथले शेतकरी हळद गादीवाफ्यावर लावतात, खाली सरी ठेवतात, सरीचं तोंड चराला काढून देतात. कंदकूज एकदा लागली की लाखांचा माल जातो, म्हणून कोणी सांगायला यावं लागत नाही. त्याच शेतकऱ्याच्या शेजारच्या तुकड्यातलं सोयाबीन मात्र सपाट रानावर पेरलेलं असतं. निचऱ्याचं ज्ञान नाही असं कोणी म्हणू नये. ज्या पिकात पैसा दिसतो तिथे ते वापरलं जातं.

*

आता पाणी अडवण्याबद्दल. बोलायला नाजूक विषय आहे, कारण मराठवाड्यात पाणी अडवण्याविरुद्ध बोलणारा दिवाळी अंकात नको, गावाबाहेर हवा. १९७२ च्या दुष्काळाने एक पिढी घडवली. रोजगार हमीवर नालाबांध आणि पाझर तलाव झाले, ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ भिंतीभिंतीवर आलं, २०१४ च्या अखेरीपासून जलयुक्त शिवार. माळावर, मुरमाड उतारावर, विहिरींच्या वरच्या अंगाला यातलं बरंच उपयोगी आहे.

अडचण ‘जिरवा’ मध्ये आहे. खोल काळ्या रानात पाणी अडवता येतं, जिरवता येत नाही. मृदसंधारणाचं शास्त्रही हेच सांगतं: समपातळीतले बांध हलक्या-मध्यम जमिनीला, खोल काळ्या चिकणमातीला ढाळीचे, म्हणजे पाणी सावकाश पण बाहेर नेणारे. काळ्या रानात समपातळीचा बांध घातला की वरच्या बाजूला पावसाळाभर तळं साचतं, आणि उन्हाळ्यात बांधालाच भेगा पडून पुढच्या पावसात तो फुटतो. तरीही कामाचं अंदाजपत्रक करताना मीटर आणि घनमीटर मोजणं सोपं असतं, माती पाहणं वेळखाऊ. शिवारभर एकाच मापाचे बांध पडत गेले.

नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी विदर्भातल्या पूर्णा खोऱ्यात एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली. (ही अकोला-अमरावतीची पूर्णा, तापीला मिळणारी. येलदरीची पूर्णा वेगळी.) जिथे कालव्याचं पाणी कधी पोचलं नाही अशा तिथल्या काळ्या जमिनी आतून चोपण होत चालल्या आहेत. हवामान कोरडं होत गेलं की मातीतला चुना खाली खड्यांच्या रूपात बसतो, विरघळलेलं कॅल्शियम कमी पडतं, मातीच्या कणांवर सोडियमचा वाटा वाढतो, कण विखुरतात आणि पाणी खाली जाण्याच्या बारीक वाटा बुजतात. सोडियमचं प्रमाण पुस्तकात चोपण जमिनीसाठी दिलेल्या १५ टक्क्यांच्या रेषेच्या बरंच खाली असतानाच निचरा बिघडतो. थोडक्यात, पाऊस कमी होत गेल्यानेच जमिनीचा निचरा वाईट होऊ शकतो. मराठवाड्याच्या जमिनीही त्याच खडकाच्या आणि तशाच हवामानाच्या. दुष्काळ निवारण आणि पाण्याचा निचरा ही दोन वेगळी खाती मानणाऱ्यांनी या संशोधनाची एक प्रत टेबलावर ठेवावी.

कालव्याखालच्या रानाची गोष्ट जुनी आहे आणि थोडक्यात सांगता येईल. येलदरीच्या पूर्णा प्रकल्पाचं आणि पुढे इसापूरच्या ऊर्ध्व पैनगंगेचं पाणी नांदेड-हिंगोलीत आलं तेव्हा ऊस, केळी, हळद आली. पाठोपाठ कालव्याच्या खालच्या अंगाला पाझर आला आणि काही रानं कायमची चिबडली. नीरा डाव्या कालव्यावर हे शंभर वर्षांपूर्वीच घडलं होतं. सिंचनाची पद्धत शेतीच्या गरजेनुसार सुधारावी म्हणून मुंबई इलाख्याने १९१६ मध्ये एक खास कक्ष काढला, त्याचीच पुढे खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था झाली. आज सांगली-शिरोळकडे जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून खारवट रानं पुन्हा पिकाखाली आणली जात आहेत, शिरोळच्या दत्त साखर कारखान्याने तर त्यासाठी गावंच्या गावं एकत्र आणली.

ते पाहून मराठवाड्यातही पाइप घालण्याची भाषा सुरू होते. कालव्याखालच्या, खालून पाणी चढणाऱ्या रानात ती बरोबर आहे. कोरडवाहू काळ्या रानात पाणी खालून येत नाही, वर बसलेलं असतं. ताशी ०.२ मिलिमीटर झिरपणाऱ्या मातीतून ते चार फुटांवरच्या पाइपापर्यंत पोचेस्तोवर सोयाबीन गेलेलं असतं. इथे वरून वाहून नेणं हाच पहिला उपाय. मधला एक पर्याय भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने सोयाबीनच्याच काळ्या जमिनीत तपासला आहे. ट्रॅक्टरमागे गोळीच्या आकाराचा लोखंडी ठोकळा दोनेक फूट खोलीवरून ओढायचा, मागे उंदराच्या बिळासारखा मातीचाच बोगदा राहतो आणि पाणी त्यातून चराकडे जातं. पाइपचा खर्च नाही, मात्र काही हंगामांनी पुन्हा ओढावं लागतं. आपल्याकडे हे फारसं कोणी पाहिलेलं नाही.

*

वरून पाणी नेण्याचा उपाय म्हणजे रुंद वरंबा सरी, गावात ज्याला सगळे बीबीएफ म्हणतात. १९७० च्या दशकात इक्रिसॅटने पाटणचेरूला तो बसवला. दीड मीटरचा घास: एक मीटरच्या आसपास रुंद वरंबा, बाजूला सरी, आणि सरीला शंभर मीटरला चाळीस ते ऐंशी सेंटिमीटर ढाळ. पीक वरंब्यावर, जादा पाणी सरीतून गवताच्या नालीत, तिथून शेततळ्यात. १९७६ पासून तिथे हा प्रयोग चालवला गेला. दोन पिकं घेणाऱ्या या पद्धतीत वर्षाला हेक्टरी सरासरी पाच टनांच्या आसपास धान्य निघालं. पावसाळाभर रान रिकामं ठेवून फक्त रब्बी घेणाऱ्या जुन्या पद्धतीत एक टनाच्या आसपास.

एवढा फरक असूनही ती पद्धत दोन-तीन दशकं कुंपणाबाहेर फारशी आली नाही. त्यासाठी बनवलेलं बैलचलित चाकांचं अवजार एका जोडीच्या शेतकऱ्याला परवडणारं नव्हतं. ट्रॅक्टरचं बीबीएफ पेरणी यंत्र आल्यावर चित्र बदललं. विद्यापीठ, कृषी विभाग आणि २०१८ पासून जागतिक बँकेच्या मदतीचा पोकरा प्रकल्प यांनी ते गावात नेलं. एकरी तीस किलोचं बियाणं बावीस किलोवर आलं. काही जण यंत्राशिवायच वरंबे पाडून टोकण करतात. ज्यांना तेही नको त्यांनी पट्टापेर करावी: दर चार किंवा सहा ओळींनंतर एक ओळ सोडायची, तिथे कोळप्याच्या पायाला दोरी गुंडाळून सरी काढायची. पाऊस कमी झाला तर सरीत ओल धरते, जास्त झाला तर पाणी काढते.

हे सगळं खरं आहे आणि अपुरं आहे. सरी शेताच्या धुऱ्यापर्यंत जाते. पुढे काय?

पुढे बहुतेक ठिकाणी शेजाऱ्याचा बांध असतो. सरीला तोंड नसेल तर बीबीएफ म्हणजे एका मोठ्या तळ्याची पन्नास लांब तळी. वाटण्या तर अशा पडल्या आहेत की तुकडे लांबोळे, उताराच्या दिशेने चिंचोळे. आडव्या ओळी पेराव्यात तर ट्रॅक्टर वळायला जागा नाही, उभ्या पेराव्यात तर सरीतून पाण्याबरोबर मातीही जाते. इक्रिसॅटच्या शेतात पाण्याचा ढाळ पाहून तुकडे आखले होते. आपल्याकडे तुकडे सातबाऱ्याने आखलेले आहेत आणि सातबाऱ्यावर उतार लिहिलेला नसतो. जुन्या ओघळी, नाल्या बुजवून दोन-दोन तास रान वाढवलं गेलं. गावरस्ते आणि महामार्ग उंच भरावावर गेले, मोरी जिथे पाणी येतं तिथे नसून जिथे सोयीची होती तिथे पडली. एकेका शेतकऱ्याला यंत्रावर अनुदान देऊन हा गुंता सुटणार नाही. वरच्या माळापासून खालच्या ओढ्यापर्यंत पाण्याची वाट एकत्र आखावी लागेल, आणि ती आखणी बांधापेक्षा अवघड आहे, कारण बांध प्रत्येकाच्या हद्दीत बसतो आणि नाली कोणाच्या तरी हद्दीतून जाते.

*

नुकसानभरपाईचे नियम पाहिले तर सरकार हा प्रश्न कसा पाहतं ते कळतं. ६५ मिलिमीटरचा नियम पावसावर आहे. एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ‘सततचा पाऊस’ हीही आपत्ती मानली, ही चांगली गोष्ट झाली: सलग पाच दिवस, रोज किमान दहा मिलिमीटर, शिवाय आधीच्या सरासरीशी तुलना आणि उपग्रहाने पाहिलेली पिकांची हिरवाई. पण मंडळाचं पर्जन्यमापक एका ठिकाणी असतं. तिथे ६० मिलिमीटर पडला, तर त्याच मंडळातल्या माळावर काही होत नाही आणि ओढ्याकाठच्या काळ्या रानात पीक जातं. दोघांनाही मदत नाही. ७० पडला तर दोघेही यादीत येण्याची धडपड करतात. मातीचा प्रकार कोणत्याच सूत्रात नाही.

पीक विम्याचं तर घड्याळच चुकीचं होतं. शेतात पाणी साचल्याचं स्थानिक आपत्तीत धरलं जाई, मात्र ७२ तासांत कळवावं लागे. पुरात वाहून गेलेलं पीक त्याच दिवशी दिसतं. गुदमरलेलं पीक पहिले तीन दिवस हिरवंगार दिसतं आणि आठवड्याने पिवळं पडतं. २०२५ च्या खरिपात राज्याने हा भागच योजनेतून काढला. भरपाई आता फक्त मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांवर, म्हणजे पुन्हा माळ आणि काळी यांची सरासरी. राज्य सरकारच्या ऑक्टोबर २०२५ च्या मदत पॅकेजमध्ये खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतची कामं, असं ठरलं. ज्याची माती वाहून गेली त्याला ते मिळायलाच हवं. ज्याची माती जागेवर आहे पण पाणी हलत नाही, त्याच्या जमिनीला काही झालेलं नाही असं कागद समजतो. त्याला पिकाचे पैसे मिळाले तर मिळाले. रोजगार हमीतले ते तीन लाख गाळ काढायला आणि माती भरायला आहेत. तेवढ्या पैशात कितीतरी शेतांच्या सरीला तोंड देणारी नाली निघाली असती, ही तुलना मी करतो आहे, शासन निर्णयात नाही.

एक हत्यार मात्र कागदावर फार आधीपासून आहे. १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा. तहसीलदाराकडे शेतरस्त्याच्या भांडणात तो रोज वापरला जातो, त्यामुळे गावोगाव माहीत आहे. पण त्याच्या कलम ५ मध्ये रस्त्याइतकीच आणखी एक गोष्ट आहे. शेतजमिनीवर पडणाऱ्या पाण्याच्या नैसर्गिक वाहण्याला कोणी बेकायदा अडथळा केला आणि त्याने शेताचं किंवा पिकाचं नुकसान होत असेल, तर तो अडथळा काढायला लावण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे. वकील लागत नाही, खर्च फारसा नाही. फक्त अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो.

पाणी सप्टेंबरात तुंबतं. ऑक्टोबरात भिजलेल्या गंजीतलं सोयाबीन वाळवायचं असतं, मग वाफसा बघून हरभरा पेरायचा, मग येळवस. शेजाऱ्याकडे मळणी यंत्र असतं, किंवा त्याच्या विहिरीवरून पाइपलाइन आलेली असते. मार्च उजाडतो आणि मुदत संपते. मे महिन्यात रान भेगाळलेलं असतं, दोघेही धुऱ्यावर उभे राहून यंदा पाऊस कधी येणार याबद्दल बोलतात.